पदवीच्या वाटेत छापखाना लागलाच पाहिजे

ग्राफिक डिझाईन शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं आपलं किमान एक काम छापखान्यात, मशीनपाशी उभं राहून पूर्ण करून घेतल्याशिवाय त्याला पदवी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पीडीएफ जमा केली, एक रंगीत प्रिंट काढून बोर्डावर चिकटवली, परीक्षकांनी पाहिली आणि झालं, एवढ्यावर शिक्षण संपतं तेव्हा त्या मुलांची फसगत होते. आपल्या सांगली-साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत ती जास्तच होते, कारण इथं डिझाईनचं बरंचसं काम शेवटी कशावर तरी छापलंच जातं. हळदीचं पाकीट, बेदाण्याचा बॉक्स, द्राक्षाची पेटी, पतसंस्थेचा अहवाल, लग्नपत्रिका. मुंबई-पुण्याच्या एजन्सीत डिझायनर आणि छापखाना यांच्यामध्ये प्रॉडक्शनचा वेगळा माणूस असतो. इथं तो नसतो. इथं डिझायनरलाच तो व्हावं लागतं.

मी सांगलीत छपाईच्या धंद्यात आहे आणि उपयोजित कलेच्या मुलांना अधूनमधून शिकवायलाही जातो. मुलांना सॉफ्टवेअर येत नाही अशी माझी तक्रार नाही. त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी चपळ चालतो. लेअर, मास्क, थ्रीडी मॉकअप हे सगळं त्यांना पाठ असतं. फाईल स्क्रीनवरून खाली उतरली की पुढं तिचं काय होतं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बेदाण्याच्या पाव किलोच्या बॉक्सचं डिझाईन घेऊन आली होती. काम खरोखर सुरेख होतं. गडद जांभळी जमीन (म्हणजे मागचा रंग), वर सोनेरी वेल, मराठी नावाचं अक्षर तिनं हातानं काढून मग ट्रेस केलेलं. मागच्या बाजूला घटक पदार्थ, वजन, पत्ता वगैरे बारीक मजकूर काळ्या रंगात. पण तो काळा स्क्रीनचा काळा होता. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या हिशेबातला, शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगवर छपाईच्या चार रंगांत बदलला की तो साधारण ७५ टक्के सायन (आकाशी निळा), ६८ टक्के मॅजेंटा (गडद गुलाबी), ६७ टक्के पिवळा आणि ९० टक्के काळा असा होतो. बेरीज केली तर कागदाच्या एकाच ठिपक्यावर ३०० टक्के शाई. स्क्रीनवर यातलं काहीही दिसत नाही. तिथं अक्षर काळंच असतं.

फाईल तशीच दुरुस्त करून देता आली असती. पण तिनं ते डोळ्यांनी बघावं असं मला वाटलं, म्हणून त्याच फाईलच्या चार प्लेट, म्हणजे एकेका रंगाचा छपाईचा एकेक पत्रा, काढायला लावल्या. मशीनमननं शीट काढलं, टेबलावर पसरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. ‘ताई, हितं बघा, तुमच्या अक्षराला लाल कड आलीय.’ खरंच आली होती. ‘घटक’मधल्या ‘घ’च्या डाव्या बाजूला तांबूस रेघ, उजवीकडं निळसर. कागद मशीनमधून जाताना केसभर सरकतो, चार रंग एकावर एक तंतोतंत बसत नाहीत. मोठ्या चित्रात ते कळत नाही, पण सहा पॉइंटच्या अक्षरात डोळ्याला टोचतं. अनुस्वार आणि रफार तर शाईनं भरूनच गेले होते. शिवाय एवढी शाई लवकर वाळत नाही. वरच्या शीटच्या पाठीला खालच्याचा डाग उठला होता, तोही त्यानं उलटवून दाखवला.

मग त्यानं बारकोडवर बोट ठेवलं. तिनं तो जमिनीशी मेळ खावा म्हणून फिकट जमिनीवर लालसर रेघांत केला होता. दुकानातल्या साध्या स्कॅनरचा उजेड लाल असतो. त्या उजेडात लाल रेघ आणि पांढरा कागद जवळपास सारखेच दिसतात, मशीन काही वाचत नाही. बॉक्सच्या चिकटवायच्या पट्टीवरही तिनं जमिनीचा रंग आणि लॅमिनेशन नेलं होतं. त्यावर साधा गोंद धरत नाही, ती पट्टी कोरी सोडायची असते. तासाभरात तिनं तिन्ही गोष्टी जागेवर दुरुस्त केल्या. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर घेतला, बारकोड पांढऱ्यावर काळा केला, पट्टी मोकळी केली. जाताना तिनं विचारलं, ‘सर, हे आम्हाला पहिल्याच वर्षी का नाही दाखवलं?’ या लेखात मी तिचाच प्रश्न पुढं नेतो आहे.

स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवते आणि कागद शाईनं. हे वाक्य सगळ्या मुलांच्या वहीत असतं. पण त्याचा अर्थ भगवा रंग छापायची वेळ आली की कळतो. मोबाईलवर झळाळणारा भगवा चार रंगांच्या छपाईत मंदावतो, थोडा विटकरी दिसायला लागतो. पोपटी आणि झगझगीत निळ्याचंही तेच. गणेशोत्सवाच्या किंवा शिवजयंतीच्या पत्रिकेवरून मंडळाची पोरं छापखान्यात भांडायला येतात ती बहुधा यावरूनच. ज्याला हे आधी ठाऊक आहे तो पाचवी शाई म्हणून तयार भगवा घेतो, किंवा तो रंग मॅट कागदावर न टाकता आर्टपेपरवर टाकतो, किंवा गिऱ्हाइकाला आधीच नमुना दाखवून ठेवतो. हे निर्णय डिझाईनचेच आहेत. ते छपाईवाल्यावर ढकलणारा डिझायनर आपलं अर्धं काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडतो.

आपल्या भागाकडं बघा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ साली. मानांकन मिळालेला माल सुट्या पोत्यातून गेला तर त्या मानांकनाचा शेतकऱ्याला फायदा काय? तो पाकिटात, नावानिशी, नीट वाचता येणाऱ्या मजकुरासह जायला हवा. इथंच डिझायनरची गरज आहे आणि इथंच तो कमी पडतो. एखादा बचत गट हळद पावडर किंवा भडंग विकायचं ठरवतो. पोरगं सुंदर सहा रंगांचं पाऊच करून देतं. तशा पाऊचची छपाई सहसा ग्रॅव्ह्युअरवर होते, तिथं प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलेंडर कोरून घ्यावा लागतो आणि छापील माल किलोच्या हिशेबात मोठ्या लॉटमध्येच उचलावा लागतो. गटाला महिन्याला लागतात काहीशे पाकिटं. बायका भाव ऐकून गप्प होतात, आणि ते डिझाईन मोबाईलमध्येच राहतं.

हाच मुलगा छापखान्यात दोन महिने बसला असता तर त्यानं कोरं तयार पाऊच घेतलं असतं, त्यावर दोन रंगांचं स्टिकर लेबल केलं असतं, किंवा स्क्रीन प्रिंटिंगनं थेट पिशवीवर एका रंगात छापून दिलं असतं. एका रंगात चांगलं दिसेल असं डिझाईन करणं सहा रंगांपेक्षा अवघड असतं, हेही त्याला तेव्हाच समजलं असतं. निव्वळ वजनाचा आकडा किती उंचीचा असावा हे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांत ठरलेलं आहे. शाकाहाराचं हिरवं चिन्ह कुठं आणि किती मोठं असावं याचेही अन्नसुरक्षेचे नियम आहेत. हे शेवटी कोपऱ्यात कोंबायचे तपशील नव्हेत, मांडणीची सुरुवातच इथून करावी लागते. द्राक्षाच्या पन्हाळी पुठ्ठ्याच्या पेटीचं तर सगळंच वेगळं. तपकिरी पुठ्ठ्यावर फ्लेक्सोच्या रबरी प्लेटनं छापलं की बारीक रेघ जाड होते, फोटो चिखलासारखा दिसतो, आणि पुठ्ठा तपकिरी असल्यामुळे ‘पांढरा’ मिळतच नाही. तिथं ठसठशीत अक्षर आणि मोठा आकारच उभा राहतो.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टी परक्या नाहीत. १८०५ साली मिरजेत, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. महाराष्ट्रातल्या देवनागरी छपाईच्या इतिहासात तिचं स्थान अगदी सुरुवातीचं आहे. पत्र्यावरून छापायचं म्हणजे अक्षर उलटं कोरावं लागतं. डावीकडचं उजवीकडं, काना आधी आणि अक्षर मग, शिरोरेघेची जाडी सगळीकडे सारखी राखत. हे काम तांबट कारागिरानं केलं. अक्षराची घडण आणि धातूचा स्वभाव एकाच माणसाच्या हातात होता. पुढं १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग शिळाछापावर काढलं, तेव्हा त्यांनी दगड शोधण्यापासून शाई बनवण्यापर्यंत आणि लाकडी छापयंत्र उभारण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. विसाव्या शतकात किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. ते स्वतः चित्रकार होते, आणि नांगराच्या कारखान्याच्या वसाहतीतून त्यांनी मराठी घराघरात पोचणारी मासिकं उभी केली. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात ही परंपरा आहे. आज त्याच पट्ट्यातली कॅलेंडरं छापायला शिवकाशीला जातात आणि चांगले बॉक्स पुण्याहून किंवा कोल्हापूरहून करून आणावे लागतात. यामागं भांडवलाचं कारण आहेच, पण इथला डिझायनर आणि इथला छापखाना एकमेकांना ओळखत नाहीत हेही एक कारण आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आता छपाईच राहिली नाही, मुलांना मोबाईल ॲपचे स्क्रीन, रील आणि सोशल मीडियाच्या पोस्ट करायच्या आहेत, त्यांना शाईत कशाला बुडवता? आक्षेप खोटा नाही. बरीच मुलं त्याच कामाला जातील आणि जावीत. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा छापखाना परत यावा असं मला वाटत नाही. त्या ट्रेडल छापयंत्रावर बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, शिशाच्या धुळीत आयुष्य काढलेले कंपोझिटर पाहिले आहेत. ते गेलं ते बरंच झालं. पण डिजिटल कामालाही खालची बाजू असते, आणि तीही आपण शिकवत नाही.

रस्त्यावरचे डिजिटल बोर्ड वाचत जा. ‘हार्दिक’मधला रफार भलत्या अक्षरावर, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेलं. हे शुद्धलेखनाचं अज्ञान नसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, ‘कि’ साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. ती दाखवताना पुढं आणायचं काम सॉफ्टवेअर करतं. अडोबीच्या काही प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठीची अक्षररचनेची सेटिंग सुरू केली नाही तर ते काम होत नाही. एका खुणेचा प्रश्न असतो. पण ती खूण कुठं आहे हे सांगायला आधी अक्षर मशीनमध्ये कसं राहतं हे समजावं लागतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर वेबसाईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्याचंही कारण तेच. आर. के. जोशींसारख्या माणसानं सुलेखनापासून सुरुवात केली आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘मंगल’ फॉन्टपर्यंतचं काम केलं. बोरूचा कोन आणि संगणकातला संकेत हे दोन्ही त्यांना सारखेच कळत होते. आपल्या लिपीला दोन्ही कळणारी माणसं लागतात. म्हणून मी छापखाना म्हणतो तेव्हा कॉम्प्युटर लॅब बंद करा असं म्हणत नाही. लॅबमध्येही बटणांच्या पुढं जा, फाईल आतून कशी बनते ते शिकवा, असं म्हणतो.

आणि मोबाईलसाठी काम करणाऱ्यालाही हाताच्या कामाचा उपयोग होतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापड ताणायचं, त्यावर इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, चढवायचं, उजेड दाखवून धुवायचं आणि स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, एका दमात ओढायची. मागं घ्यायची सोय नाही. म्हणून विद्यार्थी आधी क्रम ठरवायला लागतो: कुठला रंग आधी, कुठला वर, किती शीट खराब होतील, किती वेळ वाळायला लागेल. कॉम्प्युटरवर सारखं मागं जाता येत असल्यामुळे ही सवय लागतच नाही. ज्यांना ती लागली ती मुलं ॲपच्या कामातही कमी घोळ घालतात असा माझा अनुभव आहे.

आता तर चार ओळी सांगितल्या की चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या हातात आहे. तिला विरोध करण्यात मला अर्थ वाटत नाही. पण तिनं दिलेलं १०२४ पिक्सेलचं चौकोनी चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरून, लावलं तर साडेतीन इंचसुद्धा भरत नाही. त्यातली मराठी अक्षरं बऱ्याचदा वाचायलाच येत नाहीत. ते चित्र बॉक्सच्या घडीवर कुठं मोडेल हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. नुसतं छान दिसणारं चित्र करण्याची किंमत झपाट्यानं उतरते आहे. तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) कार्ड कुठल्या दिशेनं घडी घातला तर फुटतो, हे जाणणाऱ्याची उतरलेली नाही. कागदाचे तंतू एका दिशेनं असतात, आडवी घडी घातली की पापुद्रा सुटतो आणि गडद रंगातून पांढरी रेघ दिसते. बोटानं वाकवून बघितल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती अभ्यासक्रमापेक्षा जुनी आहे. डोक्याचं काम वरचं आणि हाताचं खालचं, ही आपल्या समाजाची सवय आहे. ती कुठून आली हे महाराष्ट्राला मी सांगायला नको. मी एका पालकांना सुचवलं होतं की सुट्टीत मुलाला छापखान्यात पाठवा. ते म्हणाले, ‘प्रेसमध्येच कामाला लावायचं असतं तर एवढी फी कशाला भरली असती?’ त्यांचा राग मी समजू शकतो. त्यांनी शेतात राबून पैसे भरले होते, मुलाच्या हाताला डाग लागू नये म्हणूनच. पण त्यामुळे झालं असं की एकीकडं पदवी असलेला डिझायनर ज्याला प्लेट म्हणजे काय हे माहीत नाही, आणि दुसरीकडं दहावीनंतर डीटीपी शिकलेला ऑपरेटर, जो रात्री अकरा वाजता या डिझायनरची फाईल उघडून ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर सोडायचा रंग) वाढवतो, काळा दुरुस्त करतो, फुटलेली जोडाक्षरं जुळवतो आणि ज्याचं नाव कुठंही येत नाही.

हेही नवं नाही. औंधच्या संग्रहालयात राजा रवि वर्म्याची मूळ चित्रं बघायला आपण सहल काढून जातो, जावंच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तो संग्रह लोकांसाठी उभा केला ही सातारा जिल्ह्याची मोठी कमाई आहे. पण रवि वर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरात गेली ती १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या शिळाछापखान्यातून. तिथं एकेका चित्राचे रंग वेगळे करून, प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र पुन्हा हातानं ठिपके देत काढणारे कारागीर होते. चेहऱ्याची कांती किती दगडांत विभागायची हा निर्णय त्यांचा होता. आपल्या देवघरातली लक्ष्मी त्यांनीही घडवली आहे, आणि त्यांची नावं आपण विचारतही नाही.

म्हणून माझी मागणी पाहुणचाराच्या भेटीची नाही. वर्षातून एकदा बस करून मुलांना प्रेस दाखवायला आणतात, मुलं मशीनसमोर फोटो काढतात, चहा पितात आणि जातात. त्यानं काही होत नाही. तिसऱ्या वर्षात एक अख्खं सत्र उत्पादनाला द्यावं. खऱ्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे एखाद्या बचत गटाचं, शेतकरी कंपनीचं किंवा शाळेचं काम घ्यावं. विद्यार्थ्यानं कागदाचा भाव काढावा, रीमचा हिशेब करावा, २३ बाय ३६ इंची कागदातून किती बॉक्स निघतात आणि किती कागद वाया जातो हे कात्रीनं डमी कापून दाखवावं. मग प्लेट, छपाई, पंचिंग (बॉक्सचा आकार कापणं), पेस्टिंग (चिकटवणं), आणि माल गिऱ्हाइकाच्या हातात. गुण त्या मालाला द्यावेत. खराब निघालेलं पहिलं शीटही त्यानं जमा करावं आणि काय बिघडलं ते त्यावरच लिहावं, त्यालाही गुण असावेत.

यासाठी कॉलेजनं लाखोंची मशीनं घ्यायची गरज नाही. घेतली तरी ती धूळ खातात, कारण चालवायला माणूस मंजूर नसतो. मशीनं गावात आहेतच. गणपती पेठेपासून मिरजेच्या एमआयडीसीपर्यंतच्या भागात ती सापडतात. दिवाळीच्या आधी, लग्नसराईत आणि निवडणुकीत आम्हाला जेवायला वेळ नसतो हे खरं. पण आषाढात पत्रिका थांबतात आणि लहान छापखाने दिवसाचे कित्येक तास मोकळे असतात. कॉलेजचं सत्र नेमकं तेव्हाच सुरू होतं. स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल मात्र प्रत्येक कॉलेजात हवंच. लाकडी चौकट, कापड, शाई, पाण्याचा नळ आणि एक हवेशीर खोली, एवढ्यात ते होतं. सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांवर दरवर्षी जो खर्च होतो त्याच्यापुढं हा खर्च किरकोळ आहे.

सरकारनंही यात एक अडचण दूर करायला हवी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, विद्यावेतनाची तरतूद आहे, केंद्राची प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. पण २०१९ च्या बदलानंतरही किमान चार माणसं कामाला असलेल्या आस्थापनेलाच शिकाऊ उमेदवार घेता येतो. जिल्ह्यातल्या किती छापखान्यांत मालक आणि दोन-तीन माणसं एवढीच पलटण असते. शिवाय ऑनलाइन नोंदणी, करार, हजेरी हे सगळं सांभाळायला त्यांच्याकडं कारकून नसतो. अशा तीन-चार छापखान्यांना मिळून एक आस्थापना धरावं आणि कागदपत्रांची जबाबदारी कॉलेजनं घ्यावी, हे व्हायला काही कठीण नाही. विद्यार्थ्याला फुकट राबवून घेतलं जाईल ही भीती रास्त आहे आणि आमच्या धंद्यात तसं होतंही. म्हणून विद्यावेतनाशिवाय एकाही मुलाला पाठवू नये. पेपर उचलायला आणि चहा आणायला ठेवलेला मुलगा काही शिकत नाही.

राहिला शिकवण्याचा प्रश्न. १९१९ साली जर्मनीत बाउहाउस सुरू झालं तेव्हा तिथल्या कार्यशाळांना दोन शिक्षक नेमले जात, एक रूप शिकवणारा कलाकार आणि एक काम शिकवणारा कारागीर. कल्पना आजही घ्यावी अशी आहे. पण तिथंही निर्णय घेणाऱ्या मंडळात कारागिरांना बरोबरीचं मत नव्हतं, आणि ती चूक आपण उचलायला नको. आपल्या वार्षिक ज्युरीला परीक्षक म्हणून दोन प्राध्यापक येतात, क्वचित एजन्सीतला एखादा आर्ट डायरेक्टर येतो. तिसरी खुर्ची मशीनमनची किंवा बायंडरची असावी. त्याला पदवी नसेल, विद्यापीठाच्या अर्जातला शैक्षणिक पात्रतेचा रकाना कोरा राहील, तर तो रकाना बदलावा लागेल. त्याच्या हातात भिंग द्यावं, त्याच्या गुणांना इतरांइतकंच वजन असावं, आणि त्या दिवसाचं मानधन त्याला प्राध्यापकाइतकंच मिळावं. येत्या शैक्षणिक वर्षात एका कॉलेजनं जरी हे केलं, तर त्या दिवशी मशीन बंद ठेवून माझा माणूस मी पाठवीन, आणि त्याचा त्या दिवसाचा पगारही कापणार नाही.